पडद्याची डावी कड

तेमिरकूल बाइके, म्हणजे तेमिरकूलदादा, कुणाच्या घरी निवांत बसलेत, असं तळ्याकाठच्या आमच्या बालिकचीत कुणी पाहिलेलं नाही. बोलावलं की यायचे, दस्तरखानाशी मांडी घालायचे, चहाचा एक घोट घ्यायचे, आणि दुसऱ्या घोटाआधी त्यांची नजर त्या घरच्या टीव्हीवर गेलेली असायची. माझ्या पुतणीच्या कानात तिच्या होणाऱ्या सासूने डूल घालून सोयरीक पक्की केली, त्या दिवशी थोरली माणसं हात पसरून आशीर्वाद देत होती आणि हे गृहस्थ टीव्हीसमोर उकिडवे बसून लाल रंग कमी करत होते. त्यांच्या पत्नी सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई, दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो उस्ता, व्याही बघतायत." सगळं गाव त्यांना उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणायचं, बायकोसुद्धा. त्यांनी मागे न वळता उत्तर दिलं, "बातम्या देणारी बाई तंदूरमधून काढल्यासारखी लाल झालीये. तिच्याकडे कुणी बघत नाही."

माझं नाव बुरुल. बसस्टँडसमोर माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, जुने फोटो नीट करून देणं, लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणं, असली कामं मी करते. उस्तांची कार्यशाळा माझ्या दुकानाला लागून होती, मधली भिंत पातळ. चौदा वर्षं मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकला. काम असो वा नसो, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत त्यांची फेरी चालू असायची. फेरी थांबली की समजायचं, कुठलातरी टीव्ही उघडलाय. मी कॅसेटी उतरवते याला ते 'मासळी वाळवणं' म्हणायचे. "टिकेल गं, टिकेल," म्हणायचे, "पण जिवंत होती तेव्हाची चव नाही येणार."

त्यांचा जन्म कोचकोरच्या वरच्या अंगाला, एका मेंढपाळाच्या घरात झाला. लष्करात होते तेव्हा दोन वर्षं त्यांना उत्तरेच्या समुद्राकाठी रडारसमोर बसवलं होतं. गोल हिरवा पडदा आणि त्यावर फिरणारी एक रेघ. रेघेमागे उमटणारा एखादा ठिपका नजरेतून सुटला तर शिक्षा. सोनुन एजे म्हणायच्या की तिथेच यांचे डोळे बिघडले. तेव्हापासून यांना माणूस दिसत नाही, पडदा दिसतो.

लष्करातून सुटल्यावर ते आमच्या गावच्या सरकारी दुरुस्ती केंद्रात लागले. तेव्हा बंदर जोरात होतं, बोटी काराकोलपर्यंत जायच्या आणि घरोघरी लाकडी पेटीचे मोठाले टीव्ही येत होते. एकेक टीव्ही उचलायला दोन दांडगे बाप्ये लागायचे. तो केंद्रात आणणं शक्य नसे, म्हणून उस्ताच सूटकेस घेऊन घरी जायचे. सूटकेसमध्ये अवजारं आणि टॉवेलात गुंडाळलेला एक आरसा असायचा. आरसा समोरच्या खुर्चीवर टेकवायचा, स्वतः टीव्हीच्या मागे बसायचं आणि आरशात चित्र बघत मागचे स्क्रू फिरवायचे. रंगीत टीव्हीच्या नळीत तीन झोत असतात, लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही झोत एकाच जागी पडले पाहिजेत. केसभर सरकले तरी प्रत्येक चेहऱ्याला रंगीत किनार येते. इथून काराकोलपर्यंत हे काम त्यांच्याइतकं नीट कुणाला जमत नसे. त्यांनी बसवलेल्या चित्रात निवेदिकेच्या पापण्या मोजता येत.

आमच्याकडे हिवाळ्यात सगळे विजेच्या शेगड्या लावतात आणि विजेचा दाब पडतो. दाब पडला की जुन्या टीव्हीतलं चित्र आक्रसायचं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या आणि लोक तक्रार करायचे. त्यावर उस्तांनी सोपा उपाय काढला होता. प्रत्येक टीव्हीतलं चित्र ते मुळातच रुंद करून ठेवत, काचेच्या कडेबाहेर जाईल इतकं. मग आक्रसलं तरी पट्टी दिसत नसे. "कडेचं थोडं जातं," ते म्हणायचे, "पण कडेला असतं काय?"

त्यांना एक धाकटा भाऊ, असानगाझी. धाकटा म्हणून रिवाजाप्रमाणे तो वडिलांच्या घरी, खेड्यातच राहिला. लहानपणी घोड्यावरून पडून त्याचा डावा खांदा मोडला होता, तो जरा खाली उतरलेलाच राहिला. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात वडील आजारी पडले. तीन महिने अंथरुणावर होते. ते दिवस फुटबॉलच्या विश्वचषकाचे. उस्तांना घरोघरून बोलावणी येत होती आणि ते छपरांवरून उतरतच नव्हते. तीन महिन्यांत ते वडिलांकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी वडिलांचा टीव्ही नीट करून दिला, चहा अर्धा ठेवला आणि परतीची गाडी पकडली. वडील गेले तेव्हा ते तॉन्गच्या बाजूला कुणाच्या तरी अँटेनाशी झगडत होते.

सातव्या दिवशी सगळे भाऊबंद जमलेले असताना असानगाझी म्हणाला, "बाइके, गावातल्या प्रत्येक घरातलं चित्र तुम्हाला दिसलं. बापाचा चेहरा तेवढा दिसला नाही." उस्ता उठले आणि चारचौघांत त्यांनी भावाच्या थोबाडीत मारली. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

दोन वर्षांनी उस्तांच्या एकुलत्या एका मुलीचं, गुलबारचिनचं लग्न ठरलं. सोनुन एजे स्वतः खेड्यात जाऊन दिराला आमंत्रण देऊन आल्या. जून महिना, बंदराच्या कँटीनच्या मोठ्या खोलीत लग्न. असानगाझी आला नाही. त्याच वर्षी शरदात तो रशियात कामाला निघून गेला, पार सुरगुतला, आणि तिकडचाच झाला. थपडेचा विषय उस्ता काढत नसत. पण भावाचं नाव निघालं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे: "माझ्या मुलीच्या लग्नालाही आला नाही." बावीस वर्षं ते हे वाक्य बोलत होते आणि बोलून झालं की उठून जात होते.

या बावीस वर्षांत त्यांचा धंदा संपला. आधी केंद्र बंद पडलं, मग त्यांनी माझ्याशेजारी भाड्याची खोली घेतली, मग सपाट टीव्ही आले. त्यात स्क्रू नाही, झोत नाही, बिघडला तर आतली पाटी बदलायची. लोक जुने टीव्ही त्यांच्या दारात सोडून जायला लागले, कुणी मांजराची पिल्लं सोडावीत तसे. उस्ता ते आत घ्यायचे, चालू करायचे आणि एकमेकांवर रचून ठेवायचे. बस चुकलेल्या उतारूंना आत बोलावून चित्र दाखवायचे. सपाट टीव्हीतला काळा रंग काळा नसतो, राखाडी असतो; घोडे पळाले की पायांची पेज होते; बाजूला बसलेल्याला रंग फिके दिसतात. हे सगळं ते उभ्या उभ्या, फेऱ्या मारत सांगायचे. उतारूंचं लक्ष बसकडे असायचं.

पाच वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात गुलबारचिन बिश्केकहून एक मोठा सपाट टीव्ही घेऊन आली. त्याच खेपेस तिने आपल्या लग्नाची कॅसेट मला आणून दिली. "बुरुल एजे, फीत तुटायच्या आत उतरवून द्या," म्हणाली. "पापांना नव्या टीव्हीवर लग्न दाखवायचंय." मी दोन दिवसांत ती उतरवली. असली कामं चालू असताना मी चित्राकडे बघत बसत नाही. आवाज तुटत नाही ना एवढंच ऐकते. पुढे जे झालं ते पाहता मी बघायला हवं होतं.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाहेर उलान, आमचा पश्चिमेचा सोसाट्याचा वारा, सुटला होता आणि छपराचे पत्रे वाजत होते. नवा टीव्ही भिंतीवर लावलेला. त्याच्या शेजारी टेबलावर उस्तांनी आपला स्वतःचा नळीचा टीव्ही आणून ठेवला होता, मूळ कॅसेट लावून. नव्याला माझी पेनड्राइव्ह. समोर सोनुन एजे, गुलबारचिन, शेजारच्या कानिमेत आजी आणि मी. पंच म्हणून. उस्ता अर्थातच बसले नव्हते.

दोन्हीकडे लग्न एकदम सुरू झालं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दहा मिनिटांत उस्ता जिंकले. फीत जुनी, चित्र लहान; नव्या पडद्याने ते ताणून मोठं केलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे मेणाचे झाले. नाचणाऱ्या बायकांच्या बाह्यांना दाते पडले. चित्राच्या तळाशी एक फाटकी, वळवळणारी पट्टी दिसत होती, ती जुन्यावर नव्हतीच. जुन्या टीव्हीत मात्र गुलबारचिनच्या गालावरची लाजसुद्धा दिसत होती. कानिमेत आजी म्हणाल्या, "ह्याच्यात पोरगी आहे. त्या मोठ्यात पोरीचा पुतळा आहे." उस्तांनी त्यांना वाकून सलाम केला.

गुलबारचिन हसत होती, पण सोडणारी नव्हती. "कॅसेटवर काय जाता, पापा," ती म्हणाली आणि तिने मध्येच नव्या टीव्हीवर चालू असलेला फुटबॉलचा सामना लावला. उस्ता फेरी मारायचे थांबले. जवळ गेले. मैदानातलं एकेक पातं वेगळं दिसत होतं, खेळाडूच्या मानेवरचा घाम दिसत होता. म्हणाले, "गवत दिसतंय." एवढंच. मग कॅसेट पुन्हा लावायला सांगितली, कारण पुढे त्यांचा आवडता नाच होता.

ती कॅसेट घरात दर वर्षी लागायची आणि त्या नाचाच्या वेळी एक विनोद व्हायचा. लग्नात कॅमेरावाल्याने खोलीत एक टीव्ही आणून ठेवला होता, म्हणजे पाहुण्यांना आपण चित्रात कसे दिसतो ते लगेच दिसावं. त्याचे रंग उस्तांना पटले नाहीत. त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बापाची दिसते ती पाठ, उजव्या बाजूला, टीव्हीमागे वाकलेली. गुलबारचिनने नेहमीप्रमाणे म्हटलं, "आले बघा माझे वडील." आम्ही हसलो.

सोनुन एजे हसल्या नाहीत. त्या नव्या टीव्हीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दारात कोण आहे?"

नव्या पडद्यावर, डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत एक माणूस उभा होता. चामड्याचं जाकीट, डोक्यावर टोपी. चेहरा पुसट, मेणासारखा ओघळलेला. शेजारच्या जुन्या टीव्हीत तिथे नुसती भिंत होती. माणूस थोडा वेळ उभा राहिला, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत. एक पाऊल पुढे आला, तेव्हा जुन्या टीव्हीच्या कडेला एका जाकिटाची बाही आली आणि गेली. ती बाही त्या घराने बावीस वर्षं पाहिली होती आणि कुणाच्या तरी जाकिटाची म्हणून सोडून दिली होती. मग तो वळला. वळताना त्याचा डावा खांदा दिसला, खाली उतरलेला. दार रिकामं झालं.

"असानगाझी," सोनुन एजे म्हणाल्या.

गुलबारचिनने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. अकरा सेकंद. डाव्या टोकाला तो, उजव्या टोकाला वाकलेली पाठ, मध्ये नाचणाऱ्या बायका. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा उस्तांनी भिंतीवरची तार उपटली आणि बाहेर निघून गेले. कोटही घातला नाही. आम्ही खिडकीतून पाहिलं, वाऱ्याविरुद्ध वाकून ते रेल्वेच्या रुळांकडे चालले होते.

ते परत आले ते माझ्यावरच. मी निघायच्या तयारीत दारात होते. "तू लोकांच्या फोटोत मेलेल्या आज्या बसवतेस," ते म्हणाले. "परदेशात असलेले नवरे बसवतेस. मला ठाऊक आहे. याला किती वेळात बसवलंस?"

मी असली कामं करते हे खरं. लोक मागतात आणि मी करून देते. पण फोटोत एक माणूस बसवणं वेगळं, आणि अकरा सेकंद चालता-बोलता माणूस उभा करणं वेगळं. ते मला येत नाही. मी एवढंच सांगितलं. गुलबारचिन रडवेली झाली, म्हणाली पापा, काकांना मी आजोबांच्या सातव्यानंतर पाहिलेलंच नाही, मग त्यांना चित्रात बसवायला मी कशाला कुणाला सांगू. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मीही सरळ घरी निघून आले. चौदा वर्षांचा शेजार, आणि हे ऐकायचं.

पुढचे तीन दिवस उस्ता कार्यशाळेत असले की भिंतीपलीकडची फेरी थांबत नव्हती. सोमवारी ते दुकानात आले, नमस्कार न करता माझ्या संगणकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, मूळ फीत माझ्यासमोर पुन्हा उतरव. मी उतरवली. त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. माणूस होता. मंगळवारी ते लग्नात शूटिंग करणाऱ्या कॅमेरावाल्याला शोधायला तामचीला गेले. तो दोन वर्षांपूर्वीच वारल्याचं कळलं. संध्याकाळी त्यांनी सोनुन एजेंना विचारलं की आमंत्रण द्यायला गेली होतीस तेव्हा त्याच्या अंगावर कसलं जाकीट होतं. एजे म्हणाल्या, जून महिन्यात जाकीट कुठलं, अंगात सदरा होता. मग उस्ता म्हणाले, जूनमध्ये आपल्याकडे बाहेरगावचा माणूसच जाकीट घालून येतो, वाऱ्याच्या धाकाने. आणि आपणच बोललेलं ऐकून ताटावरून उठले. जेवले नाहीत.

बुधवारी दुपारी त्यांनी भिंतीवर ठोकलं. मी गेले नाही. पुन्हा ठोकलं, मग दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आरसा धरायला कुणीतरी हवंय," म्हणाले.

कार्यशाळेत त्यांनी घरचा टीव्ही आणून मागून उघडला होता. मी समोर आरसा धरून उभी राहिले. कॅसेट त्या नाचाशी आणून ठेवलेली. त्यांनी लांब पेचकस आत घातला. मला वाटलं रंगाचं काही करताहेत, पण ते रुंदी कमी करत होते. आयुष्यभर ज्या स्क्रूने त्यांनी चित्र काचेबाहेर ढकललं, तो ते उलटा फिरवत होते. चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकायला लागलं. कडेला काळ्या पट्ट्या आल्या. बायका बारीक आणि उंच झाल्या. बाही पूर्ण झाली, मग खांदा आला, मग दाराची चौकट.

"सांग," टीव्हीमागून ते म्हणाले. हात आत असल्याने त्यांना आरशात नीट दिसत नव्हतं.

मी सांगितलं की माणूस आहे.

"चेहरा?"

चेहरा होता. नव्या टीव्हीवर जे मेण झालं होतं ते इथे माणसाचं तोंड होतं. मी असानगाझीला कधी पाहिलं नव्हतं, पण तोंड उस्तांचंच होतं, वीस वर्षांनी लहान. तो हसऱ्या चेहऱ्याने आत आला होता. खोलीत नजर फिरवली, मग ती एका जागी थांबली, आणि हसू तोंडावर राहिलं पण डोळ्यांतलं गेलं. हे मी पाहिलं आणि जसं पाहिलं तसं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण ते विचारत होते.

उस्ता पुढे आले. आरसा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. कॅसेट सहा वेळा मागे नेली. शेवटी म्हणाले, "नव्याने सांगितलं कुणीतरी आहे. कोण आहे ते यानेच सांगितलं." पण आपला टीव्ही जिंकल्याचा आनंद त्यात नव्हता. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, रविवारचं मी बोललो ते परत घेतो. मी म्हटलं, बाइके, आधी काहीतरी खाऊन घ्या.

सोनुन एजेंकडे दिराचा नंबर होता. वर्षातून एकदा, वसंतातल्या नोरूझच्या सणाला, त्या त्याच्याशी बोलत असत, हे उस्तांना माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं ते वागत. त्या दुपारी त्यांनीच कार्यशाळेत येऊन उस्तांना फोन लावून दिला आणि त्या दारात उभ्या राहिल्या. मी निघाले तर उस्तांनी हातानेच थांबवलं. फोनचा आवाज मोठा होता. पलीकडे यंत्रांची घरघर होती. असानगाझी तिकडे एका गोदामावर पहारेकरी आहे.

"मी तेमिरकूल," उस्ता म्हणाले.

पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. मग, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही." उस्ता फेरी मारायला लागले, तीन पावलं, वळून तीन पावलं. "तू लग्नाला आला होतास."

"आलो होतो."

"सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगू? तुम्ही कामात होतात, बाइके."

उस्ता थांबले. टीव्हीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता माफी मागतील, किंवा ओरडतील. त्यांच्या तोंडून आलं ते असं: "त्या टीव्हीचे रंग बिघडले होते."

"मग झाले का नीट?"

"झाले."

 सोनुन एजेंनी डोक्याच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकून घेतलं. मग असानगाझीने विचारलं की कसं कळलं. उस्तांनी सगळं सांगितलं, रुंदी, पट्ट्या, दाबाचा त्रास, पेनड्राइव्ह. दहा मिनिटं ते चित्राबद्दलच बोलले, भराभर, कुणी मध्ये फोन तोडेल अशा भीतीने. भाऊ ऐकत होता. शेवटी तो म्हणाला की जूनमध्ये सुट्टी मिळते, पाहतो.

तो आला. माणूस उस्तांपेक्षा म्हातारा दिसत होता. दोघं बसस्टँडवर एकमेकांना भेटले ते मी दुकानातून पाहिलं. दोन्ही हातांनी हात धरले, मिठी मारली नाही, आणि लगेच पिशवी कुणी उचलायची यावर ओढाताण झाली. त्या घरात एकोणीस दिवस शांतता नव्हती. असानगाझीला सपाट टीव्ही आवडायचा आणि तो उस्तांसमोर तसं म्हणायचा. सामना नव्यावर, बातम्या जुन्यावर, अशी वाटणी सोनुन एजेंनी करून दिली. दोघं खेड्यात वडिलांच्या कबरीवर गेले आणि येताना वाटेत भांडून वेगवेगळ्या गाड्यांनी परतले. कशावरून, ते दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एकत्र मासे घ्यायला गेले.

गुलबारचिन काकांना भेटायला आली तेव्हा तिने ती कॅसेट लावायची तयारी केली. असानगाझीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "नको गं," म्हणाला. "कुठे उभा होतो ते मला माहीत आहे." मग तिला विचारलं की त्या दिवशी जेवायला काय होतं. ती सांगत गेली, घोड्याच्या मांसापासून तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांपर्यंत, आणि तो एकेक पदार्थ विचारत गेला, गोड होतं का, पुरलं का, कोण वाढत होतं. उस्ता खिडकीपाशी उभे होते. काही वेळाने तेही सांगायला लागले, पण त्यांना त्या जेवणातलं फारसं काही आठवत नव्हतं आणि मुलगी त्यांच्या चुका सुधारत होती.

माफीचा शब्द झाला की नाही, मला माहीत नाही. सोनुन एजे म्हणतात, झाला नाही. त्या घरात असतात, त्यांना कळलं असतं. वडिलांविषयी एकदाच बोलणं झालं म्हणतात. असानगाझी म्हणाला की शेवटच्या आठवड्यात म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, तरी टीव्ही लावून ठेव म्हणायचा, तेमिरकूलने लावून दिलाय म्हणायचा. उस्ता त्यावर उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

भाऊ गेल्यावर त्यांनी सुरगुतला जायचं ठरवलं. कागदपत्रांसाठी फोटो हवा होता, म्हणून माझ्याकडे आले. पहिल्यात त्यांची नजर माझ्या संगणकाच्या पडद्यावर गेली, दुसऱ्यात मान वळली. तिसरा छापून दिला तर उजेडात नेऊन बघितला आणि म्हणाले, चेहरा लाल आलाय, तुझ्या यंत्रात बघ. मी बघितलं. थोडा लाल होताच. दुरुस्त करून चौथा घेतला, त्यात ते किंचित हलले होते, पण तोवर बाहेर गाडीवाला हॉर्न द्यायला लागला आणि ते तोच फोटो घेऊन पळाले. कार्यालयात तो चालला.